रेवणप्पांचं गळकं भांडं

नोकरीच्या पहिल्याच दिवशी एका माणसानं मला फुटक्या बरणीचा तुकडा चाटायला सांगितला.

टायपिंगची परीक्षा पास होऊन मी सोलापूरच्या होटगी रोडवरच्या एका चिनीमातीच्या कारखान्यात नुकतीच लागले होते. मशीनवर कागद चढवून बसते न बसते तोच दारात एक उंच, काटकुळे गृहस्थ येऊन उभे राहिले. गुडघ्यापर्यंत धोतर, कोपरावर फाटलेला सदरा, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, आणि भुवया जवळजवळ नाहीतच. भट्टीत डोकावून डोकावून त्या जळाल्या होत्या, हे मला नंतर कळलं. त्यांच्या हातात दोन खापऱ्या होत्या. एक त्यांनी स्वतःच्या जिभेला लावली, डोळे मिटले, काढली, आणि दुसरी माझ्यापुढे धरली.

"लावून बघा की बाई. चिकटती का न्हाय ते सांगा."

मी मालकांच्या खोलीकडे बघितलं. मालक फोनवर होते. हेडक्लार्क फायलीत तोंड खुपसून हसत होते. नवी नोकरी, कोण कुठला माणूस, नाही म्हणावं तर पंचाईत आणि हो म्हणावं तर फजिती. शेवटी जिभेचं टोक लावलं. खापरी टचकन चिकटली आणि सोडवताना डोळ्यांत पाणी आलं.

"चिकटली न्हवं?"

"हो."

"मग कच्ची. टाकून द्या." एवढं बोलून ती खापरी माझ्याच हातात ठेवून गृहस्थ निघून गेले.

हे आमचे भट्टीमास्तर रेवणप्पा. माती पुरती भाजली नाही की तिच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी भोकं राहतात, ती जिभेची ओल ओढून घेतात आणि म्हणून खापरी चिकटते. नीट भाजलेली असेल तर जिभेला काचेसारखी गुळगुळीत लागते. हे सगळं मला हेडक्लार्कनी समजावून सांगितलं. पण हे काम टायपिंगच्या बाईकडे कशाला, याचा खुलासा त्यांच्याकडेही नव्हता. तो मी पुढे केव्हातरी रेवणप्पांनाच विचारला. ते म्हणाले, "हितल्या समद्यांच्या जिभा तंबाखूनं मेल्यात. तुमची ताजी हुती."

त्यांच्याशी बोलताना माझं नेहमी असंच व्हायचं. उत्तर मिळायचं, ते खोटंही वाटायचं नाही, पण उत्तर मिळाल्यावर मी आधीपेक्षा जास्त बुचकळ्यात पडायची.

आमच्या कारखान्यात एकाच छपराखाली नाना तऱ्हांचा माल निघायचा. लोणच्याच्या बरण्या, सांडपाण्याचे पाईप, गिरण्यांच्या बॉयलरला आतून लावायच्या भट्टीच्या विटा, विजेच्या फ्यूजच्या पांढऱ्या वाट्या, आणि मागावर ज्यांच्यातून सूत पळतं त्या बोटाएवढ्या चिनीमातीच्या कड्या. शहरात माग घरोघरी, त्यामुळे कड्यांना मरण नव्हतं. प्रत्येक मालाची माती वेगळी, मळायची रीत वेगळी आणि आगही वेगळी. पाहुणे आले की मालक रेवणप्पांना पुढे करायचे आणि लगेच पस्तावायचे. कारण रेवणप्पा माहिती द्यायचे ती अशी: "ही इटाची माती म्हंजी आमची आत्या. किती बी ताप द्या, हूं न्हाय की चूं न्हाय. ही फ्यूजची पांढरी माती पुण्याची सून. दार उघडून जरा वारं लागलं की तडकली. आन् ही बरणीची माती..." इथे ते थांबायचे. बरणीच्या मातीला ते कधीच नातं लावायचे नाहीत. "ही माझी हाय," एवढंच म्हणायचे.

ते मूळचे अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही. आग कशी ओळखायची, माल भट्टीत कुठे रचायचा, गार कधी होऊ द्यायचा, यावर त्यांची मतं ठाम असत आणि दर आठवड्याला बदलत. सोमवारी म्हणायचे, "भट्टी समदं ऐकती, तिच्यापुढं वंगाळ बोलू नगा." गुरुवारी तीच भट्टी बहिरी असायची. मी हे त्यांच्या लक्षात आणून दिलं तेव्हा माझ्याकडे दयेनं बघून म्हणाले, "बाई, तुमचं मशीन रोज तेच अक्षर काढतंय. माझं न्हाय."

भट्टी उघडायचा दिवस म्हणजे कारखान्यात सणच. आत रचलेला माल दिवसेंदिवस भाजलेला असायचा, मग दिवसेंदिवस गार झालेला. दाराच्या विटा एकेक काढायला लागले की आम्ही ऑफिसातली माणसंसुद्धा कामं टाकून अंगणात जायचो. रेवणप्पा मात्र भट्टीकडे पाठ करून एका पालथ्या पाइपावर बसायचे. माल बाहेर येऊ लागला की मान न वळवता नुसत्या आवाजावरून सांगायचे, "ही फुटकी. ही बी. ही बरी हाय, पण तोंड वाकडं."

पहिल्यांदा मी पाहिलं तेव्हा अर्ध्याच्या वर बरण्या तडकलेल्या निघाल्या होत्या. मालकांचा चेहरा उतरला. रेवणप्पा मात्र खुशीत. एकेक तुकडा उचलून चिरेवरून बोट फिरवत होते, महबूबचाचांना हाक मारून दाखवत होते. महबूबचाचा म्हणजे मालाची तपासणी करणारे आमचे म्हातारे कामगार. दोघं लग्नघरातल्यासारखे हसत होते. त्याच्या पुढच्या खेपेला एकही बरणी फुटली नाही. मालकांनी पेढे मागवले. रेवणप्पांनी पेढा घेतला नाही, आणि ते दोन-तीन दिवस घरात माणूस आजारी असल्यासारखं तोंड करून हिंडत राहिले.

न राहवून मी विचारलं, "मास्तर, सगळं चांगलं निघालं तर तुम्हाला वाईट का वाटतं?"

"फुटलं तर कळतंय की, का फुटलं. ओल राहिली, न्हायतर घाई झाली, न्हायतर कोळसा खराब. आन् समदंच साबूत निघालं तर? कशानं निघालं? सांगा की मला." त्यांनी रिकामे तळवे माझ्यापुढे धरले. "म्हंजी पुढल्या येळंला काय करायचं ते बी ठावं न्हाय. मग झोप कशी लागंल वो?"

मला हे पटलं, आणि घरी गेल्यावर आईला सांगायला लागले तर सांगता येईना. आई म्हणाली, "म्हणजे त्यांना फुटलेलं आवडतं?" मी म्हटलं, "नाही गं." "मग साबूत आवडतं?" "तसंही नाही." आईनं भाकरी उलटवली आणि म्हणाली, "तू दुसरी नोकरी बघ."

आईचं आणि त्यांचं बिनसलं ते बरणीवरून. आईला लोणच्यासाठी मोठी बरणी हवी होती. मी रेवणप्पांना सांगितलं, चांगली निवडून द्या. त्यांनी तासभर घालवून बरणी निवडली आणि स्वतः डोक्यावरून घरी आणून दिली. वरून तपकिरी, खालून दुधी, घाट सुरेख, आणि पोटावर बोटभर लांबीचा झिलई न चढलेला ओरखडा. आईनं तो लगेच पाहिला. "अहो, ही खोट आहे की यात."

"व्हय. म्हणून तर आणली."

"बाकीच्या चांगल्या नव्हत्या का?"

"हुत्या की. लई चांगल्या हुत्या." रेवणप्पा उंबऱ्याशी उकिडवे बसले. "आक्का, ह्या बरणीची खोट मला म्हाईत हाय. ही बघा, हितं. नुसती वरची हाय, आत न्हाय, पाणी भरून बघितलंय मी. त्या चांगल्या दिसत्यात त्यांची खोट कुटं हाय, कुणाला म्हाईत?"

आई वयानं त्यांच्यापेक्षा लहान असूनही ते तिला मोठ्या बहिणीसारखं आक्का म्हणाले, त्यानं ती जरा विरघळली. पण ओरखडा भिंतीकडे करूनच तिनं बरणी फळीवर ठेवली, आणि मी सासरी जाईपर्यंत तो तोंड वर काढू शकला नाही.

एका बाबतीत मात्र रेवणप्पांचं मत कधी बदललं नाही. भांडं पाझरता कामा नये. कारखान्याचा रिवाजच होता की तपासताना ज्या बरणीला बाहेरून ओल आली ती तिथेच फोडायची. स्वस्तात विकायची नाही, कामगाराला घरी न्यायला द्यायची नाही. भट्टीमागच्या भिंतीवर नेऊन आपटायची. तो रिवाज रेवणप्पांनीच पाडला होता आणि तो पाळताना त्यांना कुणाचा हात चालायचा नाही. त्यावेळी ते तपासायचे तीन तऱ्हांनी: टिचकी, पाणी आणि जीभ. चिकटली की डोळे उघडायच्या आत भांडं भिंतीवर. "पाझरणारं भांडं बाजारात गेलं तर लोक त्या भांड्याला शिव्या देत न्हाईत," म्हणायचे, "करणाऱ्याच्या आईला देत्यात."

मग बहात्तरचा दुष्काळ आला.

त्या वर्षीचं सोलापूर ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. खेड्यांतली माणसं खडी फोडायला कामांवर गेलेली, गुरं विकलेली, विहिरींच्या तळाशी चिखल. मैंदर्गीला रेवणप्पांची थोरली बहीण होती, गौरव्वा. विधवा बाई, वडील गेल्यावर यांना हिनंच वाढवलेलं. तिचा मुलगा आणि सून दुष्काळी कामावर होते आणि त्यांची दोन पोरं हिच्याजवळ. उन्हाळ्यात गावात हगवण-ओकारीची साथ आली आणि त्यातला थोरला नातू गेला. रेवणप्पा दोन दिवस आले नाहीत. आले ते सरळ मालकांच्या खोलीत गेले. दार उघडं होतं, म्हणून मी सगळं ऐकलं.

"मालक, भट्टीत थोडी जागा पायजे मला."

"कशाला?"

"पाणी गाळायचं भांडं करतो. बहिणीकडं एक नात राहिलीया. पारी."

मालक वाईट नव्हते. म्हणाले, "पाणी उकळून द्यायला सांग की तिला."

"कशावर उकळंल ती? कडबा न्हाय, शेण न्हाय, काडी न्हाय. भाकरी कशीबशी भाजती ती." त्यांनी टेबलावरच्या चहाच्या कपाकडे बोट दाखवलं. मग रेवणप्पा म्हणाले, "टँकरचं पाणी ह्या तुमच्या चहागत असतंय. त्येच पाजती पोरीला."

मालकांनी जागा दिली. आणि आमच्या गोंधळाला सुरुवात झाली.

गाळणीच्या भांड्याची रीत ऐकायला अगदी सोपी. मातीत लाकडाचा बारीक भुसा कालवायचा, कुंडीसारखं भांडं करायचं, भाजायचं. आगीत भुसा जळून जातो आणि त्याच्या जागी बारीक भोकं उरतात. वरून गढूळ पाणी ओतलं की गाळ आत अडतो आणि निवळ पाणी थेंबाथेंबानं खाली येतं. म्हणजे जी भोकं बुजवण्यात या माणसाचा जन्म गेला, ती आता त्याला मुद्दाम पाडायची होती. आम्ही सगळे त्यावर हसलो. रेवणप्पा हसले नाहीत.

पहिली भांडी त्यांनी पाइपांच्या भट्टीत ठेवली. आता पाइपांना झिलई चढवायची म्हणजे भट्टी लाल झाली की आत मीठ फेकायचं. त्याची वाफ आतल्या मालावर बसते आणि काचेसारखा थर चढतो. हे रेवणप्पांना ठाऊक नव्हतं? जन्मभर तेच तर मीठ फेकत आलेले. पण सवयीनं हात मिठाच्या पोत्यात गेला आणि झालं. गाळणीची भांडी निघाली ती सोन्यासारखी तपकिरी, चकचकीत, टिचकी मारली तर घंटा. महबूबचाचांनी पाणी भरून ठेवलं. सकाळी बघतात तर एक थेंब खाली नाही.

"माशाल्ला मास्टर, क्या भांडा बनाए!" महबूबचाचा म्हणाले.

रेवणप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. आम्हाला अभिनंदन करावं की सांत्वन, कळेना. हेडक्लार्कनी दोन्ही केलं.

पुढच्या खेपेला त्यांनी भांडी झाकणाच्या मातीच्या डब्यांत बंद केली, म्हणजे मिठाची वाफ लागायला नको, आणि भट्टीच्या अशा थंड कोपऱ्यात ठेवली जिथे ते कधी साधी वीटही ठेवत नसत. या खेपेला दार उघडलं तेव्हा पाठ करून बसले नाहीत. स्वतः आत शिरले. पहिलं भांडं घेऊन उजेडात आले. फिकट, खरखरीत, दिसायला अगदी गरीब. टिचकी मारली, आवाज बद्द आला. महबूबचाचांनी पाणी ओतलं. थोड्या वेळानं भांड्याच्या बुडाशी ओल दिसली, ओलीचा थेंब झाला, थेंब खाली पडला. निवळ, स्वच्छ थेंब.

रेवणप्पांनी पाणी ओतून दिलं. कडेला एक कोरी जागा बघून जीभ लावली. आणि जीभ चिकटल्याबरोबर, आम्ही "अहो, अहो" म्हणेपर्यंत, ते भांडं भिंतीवर आपटलं.

तुकडे पडल्यावर त्यांना कळलं. त्यांचा हात अजून तसाच पुढे होता. तो हात त्यांनी जवळ घेतला, उलटासुलटा करून पाहिला, जसा काही दुसऱ्याचाच होता. हसू येण्यासारखंच होतं ते, पण कुणी हसलं नाही. मला तर रडूच आलं. महबूबचाचा आत गेले आणि राहिलेली भांडी एकेक करून बाहेर आणून आपल्या पाठीमागे ठेवायला लागले. "मास्टर, इनको हात नको लगाव," म्हणाले.

रेवणप्पा लहान मुलासारखी मान हलवून पाइपावर जाऊन बसले.

त्यातली दोन भांडी गोणपाटात गुंडाळून, मांडीवर घेऊन, ते एस.टी.नं मैंदर्गीला पोचवून आले. परत आल्यावर मी विचारलं, "पारी कशी आहे?" तर म्हणाले, "पाणी गळतंय." मी पुन्हा विचारलं. "गळतंय की. चांगलं गळतंय." पोरीबद्दल विचारलं की ते पाण्याचं सांगायचे, तेव्हा मी विचारणं सोडलं.

पुढे पाण्यावाचून आमचा कारखानाच बंद पडला. माती मळायलाच पाणी नाही म्हटल्यावर काय करणार? त्याच सुमारास माझं माळशिरसला लग्न ठरलं. आईला लग्नाआधी अक्कलकोटला मठात जाऊन यायचं होतं. रेवणप्पा निरोप घ्यायला घरी आले होते, ते म्हणाले, मीही मैंदर्गीला निघालोय, तिथून जवळच आहे, आक्कानं माझ्या बहिणीकडे भाकरी खाऊनच जावं. त्यांच्या खांद्याला गोणपाटात गुंडाळलेलं आणखी एक भांडं होतं, गौरव्वाच्या शेजारणीसाठी केलेलं. अशी आमची वरात अक्कलकोटमार्गे मैंदर्गीला पोचली. त्या दिवशी गावचा बाजार होता. दुष्काळातला बाजार तो, माल थोडा आणि माणसं फार. रेवणप्पांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच बाजारात.

गौरव्वाचं घर बाजाराच्या तोंडाशीच. म्हातारी भावासारखीच उंच, आवाज त्याच्याहून चढा. आम्हाला बघून तिला इतका आनंद झाला की ती मराठीत सुरू करायची आणि कानडीत संपवायची. आत वाकळेवर पारी पडली होती. तीन-एक वर्षांची असेल. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. चार दिवस हगवण लागली होती, आता जरा उतार आहे, असं म्हातारी म्हणाली. रेवणप्पा तिच्याजवळ बसले. कपाळावर हात ठेवला. मग कोपऱ्यातल्या तिवईकडे बघितलं.

तिवईवर त्यांची दोन्ही भांडी होती. पांढरीशुभ्र. आतून-बाहेरून चुना लावलेली.

"बघ तम्मा," गौरव्वा पदर सावरत पुढे झाली. त्यांना ती अजून धाकटा भाऊ म्हणूनच हाक मारायची. "तुजं भांडं गळत हुतं रे. मी गूळ घालून चुना कालवला आन् दोनदा लिंपलं. आता बघ, एक थेंब गळत न्हाय!"

आई माझ्याकडे बघायला लागली. मी रेवणप्पांकडे. म्हातारीच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

रेवणप्पा हळू म्हणाले, "आक्का, ते गळायलाच केलं हुतं की. सांगितलं हुतं तुला. वर गढूळ घालायचं, खाली गळंल ते पाजायचं."

"व्हय, सांगितलं हुतंस."

"मग?"

"मग काय? शेजारची हसायला लागली. म्हणती, एवढा मोठा भट्टीमास्तर, सोलापुरात नाव हाय म्हणं, आन् सख्ख्या बहिणीला गळकं भांडं दिलं. पाणवठ्यावर बायका मला बघून हसत्यात, तम्मा." तिनं पांढऱ्या भांड्यावर हात ठेवला. "तुजं नाव मी जाऊ दीन व्हय? तुला अंगाखांद्यावर वाढवलंय मी."

"पोरीला पाणी कुटलं पाजतीस?"

"ह्यातलंच की. वरचं."

म्हणजे पोरगी आजारी पडण्याआधीही, आणि आजही, तेच टँकरचं पाणी. मला वाटलं, आता हे भडकणार. एका वाकड्या बरणीवरून मालकाला फैलावर घेणारा माणूस. पण ते उठून तिवईपाशी गेले. लिंपलेल्या भांड्यावरून बोट फिरवलं. गूळ-चुना पक्का बसला होता, भांडी वाया गेली होती. मग गोणपाट सोडून त्यांनी नवं भांडं बाहेर काढलं.

"आक्का, हे लिंपायचं न्हाय."

"गळत असंल तर मी लिंपणार," म्हातारी म्हणाली. "तू सोलापूरला जाशील, हितं मला ऱ्हायचंय. माज्या भावाला नाव ठेवलेलं मी ऐकून घेणार न्हाय. साकु!"

साकु म्हणजे बास. ती जे म्हणते ते करणार, हे तिच्या उभं राहण्यावरून आम्हालाही कळत होतं. रेवणप्पांनी वाकळेवरच्या पारीकडे एकदा बघितलं. मग त्यांनी टँकरच्या घागरीतलं गढूळ पाणी त्या नव्या भांड्यात काठोकाठ ओतलं, भांडं दोन्ही हातांनी उचललं, आणि उंबरा ओलांडून सरळ बाजारात चालायला लागले.

आम्ही मागोमाग दारात आलो. मिरच्या विकणाऱ्यांच्या ओळीच्या मधोमध ते थांबले आणि त्यांनी भांडं डोक्याच्या वर धरलं. धार नव्हती. अंगाला घाम फुटावा तसं ते भांडं हळूहळू पाझरायला लागलं आणि पाणी त्यांच्या हातांवरून कोपरापर्यंत ओघळायला लागलं.

"गळतंय!" ते ओरडले. "बघा! रेवणप्पाचं भांडं गळतंय!" आणि लगेच कानडीत, "सोरतैति! सोरतैति!"

माणसं वळली. कुणाला वाटलं भांडण झालं, कुणाला वाटलं मास्तरांचं डोकं फिरलं. एक म्हातारा जवळ येऊन म्हणाला, "कुटं फुटलं वो मास्तर?"

"फुटलं न्हाय. मी गळकंच केलंय. ह्या हातानं!"

"मग इकायला आणलंय व्हय?"

"न्हाय."

"गळकं हाय, इकायचं बी न्हाय, मग बाजारात कशाला आणलं?"

"गळतंय ते बघायला! ज्याला हसायचंय त्यानं हितं येऊन, माझ्या तोंडावर हसा. म्हातारीला हसू नगा." त्यांचा आवाज फाटला होता. "वर चिखल हाय. खाली बघा, काय येतंय!"

लोक हसलेच. मिरचीवाल्या बायका तर पदर तोंडाला लावून हसत होत्या. भट्टीजवळ मान ताठ ठेवून बसणारा हा माणूस दोन्ही हात वर करून, कोपरातून पाणी गाळत, आपलीच अब्रू ओरडून ओरडून काढत होता, आणि लोकांना काही कळत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही पुरतं कळत नव्हतं. हा राग होता, की दुःख, की हट्ट? की थोरल्या नातवाचं जे त्यांनी कुणापुढे काढलं नव्हतं, ते? मला त्यांची लाज वाटत होती आणि त्यांच्या जागी दुसरं कुणी असावं असंही वाटत नव्हतं. आई माझा दंड घट्ट धरून उभी होती.

"तम्मा, घरात ये रे," गौरव्वा दारातून म्हणाली. "लोक हसत्यात."

ते आले नाहीत. भांडं आता एका अंगाला कलायला लागलं होतं. भरलेलं भांडं आणि साठीचं वय.

म्हातारी वळून आत गेली. मला वाटलं, रागावून गेली. पण ती बाहेर आली ती पारीला कडेवर घेऊन, हातात पितळेची वाटी घेऊन. गर्दीतून वाट काढत ती भावाजवळ गेली आणि सगळ्या बाजारादेखत तिनं वाटी भांड्याच्या बुडाखाली धरली. थेंब पडत होते, पण सावकाश. सगळे वाटीकडे बघायला लागले. वाटीचं बूड झाकण्याएवढं पाणी जमायला किती वेळ लागला कोण जाणे, आमची परतीची एस.टी. येऊन भोंगा वाजवायला लागली होती. मग गौरव्वानं ती वाटी पारीच्या ओठांना लावली. पोरगी पाणी प्यायली, तिनं ओठ चाटले आणि रिकामी वाटी परत भांड्याकडे ढकलली.

मिरचीवाल्यांच्या ओळीतली कुणीतरी पुन्हा फिसकन हसली. म्हातारी गर्रकन वळली.

"हसतीस काय गं? गळतंय तर गळायलाच केलंय त्येनं! तुज्या भावाला करता येतंय का बघ असलं!"

आईनं मला गाडीत ढकललं. खिडकीतून मागे बघितलं तेव्हा म्हातारी पुन्हा वाटी धरून उभी होती, आणि रेवणप्पांचे हात अजून वरच होते.